डाव्या हाताचे क्लिक

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गोरक्षभाऊंचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेत छाटणीला लागतात त्या कात्र्या तिथे बनतात. सुवर्णा तिथे बिलं करायला लागली तेव्हा तिची मुलगी पहिलीत होती. आता ती कॉलेजात आहे. घर मखमलाबादला. सासरचा फ्लॉवर-कोथिंबिरीचा मळा नवरा, सोमनाथ, बघतो. सुवर्णाने मराठी घेऊन बी.ए. केलेलं, त्यामुळे कारखान्यात काहीही लिहायचं निघालं की ते आपसूक तिच्या टेबलावर यायचं.

भाऊंनी वेबसाइट करून घेतली आणि वर्षभर तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. शेवटी वेबसाइट करणाऱ्यानेच सुचवलं, "शेतीच्या पोर्टलवर लेख देत जा. खाली आपली लिंक. वाचणारे तिथून आपल्याकडे येतील."

सुवर्णा लिहू लागली. कात्रीला धार कशी लावावी, स्प्रिंग कधी बदलावी, असं काहीबाही. माणसं येऊ लागली. भाऊ खूश. पण कोणत्या लेखामुळे कोण आलं, हे कळायला मार्ग नव्हता.

सुवर्णाला मात्र ते हवं होतं. छाटणीच्या दिवसांतली सकाळ कशी असते, यावर तिने एक लेख लिहिला होता, अगदी मन लावून. बचत गटातल्या बायकांनी वाचून फोन केले होते. तोच लेख लोकांना ओढून आणतो, याची तिला खात्री होती. तिने व्हिडिओ बघून शिकून घेतलं, की प्रत्येक लेखातल्या लिंकला वेगळं शेपूट जोडता येतं. कोणी क्लिक केलं, की तो कोणत्या लेखातून आला ते दिसतं. तिने सगळ्या लिंका बदलल्या आणि वाट पाहिली.

पुढच्या महिन्यात आकडे उघडले. छाटणीच्या सकाळच्या लेखावरून सात क्लिक, आणि त्यातले तीन तिचेच. बाकी सगळ्या लेखांना एका लेखाने मागे टाकलं होतं: 'डावखुऱ्यांच्या हाताला छाटणीत फोड का येतात'. तो तिने जेवणाच्या सुट्टीत घाईघाईत उरकला होता. विषयही स्वतःचा नव्हता. तिची नणंद फुलाबाई पिंपळगावकडे छाटणीच्या टोळीत जाते, ती डावखुरी. दिवाळीला तिचा हात बघून सुवर्णाला तो सुचला होता.

संध्याकाळी सुवर्णाने आकडे पुन्हा बघितले, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या लेखावरून आलेली माणसं एकच पान बघून लगेच निघून जात होती.

तिने भाऊंना स्क्रीन दाखवली.

"मग काढून टाका तो लेख," भाऊ म्हणाले. "उगाच गर्दी."

"गर्दी नाही भाऊ, गिऱ्हाईक आहे. त्यांना डाव्या हाताची कात्री पाहिजे. आपण बनवतच नाही, म्हणून जातात."

"डाव्या हाताची म्हणजे सगळं उलटं करावं लागेल. पातं, कात्री बंद करायची खिट्टी, सगळंच. चार लोकांसाठी?"

"चार आहेत की चारशे, ते आधी विचारू तर."

तिने त्या पानावर एक ओळ टाकली: डाव्या हाताची कात्री हवी असेल तर फोन नंबर द्या. नंबर येऊ लागले. ती एकेकाला फोन करायची. एकदा दिंडोरीकडच्या एका बाईला फोन लागला तेव्हा भाऊ समोरच बसले होते. तिने स्पीकर लावला.

"मुकादम म्हनतो उजव्या हातानं काप," बाई सांगत होती. "कापते, पन मग मागं पडते. डाव्यानं कापलं तर पातं कुठं बसतंय तेच दिसत नाय. अशी कात्री खरंच मिळती का वो?"

भाऊंनी मान खाली घातली. "सांगा, बनवतोय म्हणून," ते हळूच म्हणाले.

पहिली कात्री झाली ती फुलाबाईकडे गेली. रविवारी सुवर्णा मुद्दाम पिंपळगावला पोचली. फुलाबाईने चार काड्या कापल्या आणि कात्री परत दिली.

"पातं बराबर हाय वहिनी. पन ही खिट्टी उजव्याचीच ठेवली ना. अंगठा पोचत नाय तिथवर."

खरंच, खिट्टी जुन्याच बाजूला बसवलेली होती. दुसरी करायला वेळ लागला. ती मात्र फुलाबाईने परत दिली नाही. संध्याकाळपर्यंत वापरली आणि तशीच घरी घेऊन गेली.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी भाऊंनी थोडा माल काढला. तो संपला, दुसऱ्यांदा काढावा लागला. फार मोठा धंदा झाला असं नाही. कारखाना आजही उजव्या हाताच्याच कात्र्यांवर चालतो. पण दिंडोरीच्या बाईने एकीऐवजी तीन मागवल्या. टोळीत तिच्यासारख्या आणखी दोघी निघाल्या होत्या, त्या आजवर बोलल्या नव्हत्या.

छाटणीच्या सकाळचा लेख सुवर्णाने काढून टाकला नाही. त्याच्या लिंकचं शेपूट तेवढं काढून टाकलं. "तो मोजायचा नाही," एवढंच ती म्हणाली.

आता नवा लेख लिहिण्याआधी ती फुलाबाईला फोन करते आणि टोळीत कोणाचं काय दुखतंय ते विचारते. परवा मनगटाचं निघालं. लेख गेला आहे. त्यावरून अजून कोणी आलेलं नाही. ती रोज बघते.