युद्धनौकेचं दार

मुंबईच्या एका सिनेमाच्या कलादिग्दर्शकानं मला फसवलं. माझ्या आवारातलं युद्धनौकेचं खरं दार तो चित्रीकरणासाठी घेऊन गेला आणि परत पाठवताना स्वतः बनवून घेतलेलं दार पाठवलं. मी जन्मभर भंगाराचा धंदा केला, लोखंड नुसतं वाजवून त्याची जात सांगतो, आणि तरी कित्येक आठवडे मला ते कळलं नाही.

माझं आवार जालना रोडला, करमाडच्या अलीकडं आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांमधून निघणारं लोखंड माझ्याकडं येतं. सुरुवात औरंगपुऱ्यात हातगाडीवर केली होती. त्याच्याही आधी आमच्या घरी मेंढरं होती. वडील बाजारात गिऱ्हाइकाच्या हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. आजूबाजूच्यांना फक्त दोन माणसांचे चेहरे दिसायचे. चेहरा कोरा ठेवायचं मी तिथं शिकलो. राग कोरा ठेवायला मात्र मला कधी जमलं नाही.

दार माझ्याकडं कसं आलं ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एक निवृत्त युद्धनौका तोडायला काढली होती. मला पाइप हवे होते, म्हणून ट्रक घेऊन गेलो. जवळ गेल्यावर मी पाइप विसरलो. अर्धी कापलेली होती, तरी मान वर करून बघावं लागत होतं. तेवढं मोठं काम माणसांच्या हातांनी जोडलं आणि ते पाण्यावर तरंगलं, लढाईला गेलं, हे पटायला मला वेळ लागला. भंगाराला मी हात जोडले, असं पहिल्यांदाच झालं.

तिथं एक म्हातारे राखणदार होते. नौका निवृत्त होऊन बंदरात बांधून ठेवली तेव्हापासून तेच तिच्यावर. फुशारक्या मारण्यात एकदम पटाईत. त्या पडून असलेल्या वर्षांत नौकेवर सिनेमे निघाले होते आणि त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर एकही सिनेमा त्यांच्यावाचून पुरा झाला नसता.

"इंजिन तर बंद होतं," मी म्हणालो. "मग जहाज चालताना कसं दाखवलं?"

"चालतंय कोण? कॅमेरावाला फळीवर बसायचा, फळीखाली पाइप. दोघं जण फळी हलवायचे. आणि मी शिट्टी मारली की सगळे नट एका बाजूला झुकायचे. एक हिरो कायम उलटा झुकायचा."

"आणि पाणी?"

"एका बाजूला धक्का, गोदामं, चहाची टपरी. म्हणून कॅमेरा जन्मात त्या बाजूला वळला नाही. तुम्ही बघा, त्या सिनेमांत समुद्र नेहमी उजव्या हातालाच आहे."

सकाळी ती आपली नौका असायची. जेवणानंतर झेंडा आणि पाट्या बदलल्या की शत्रूची व्हायची. एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले दोन कप्तान एकाच खुर्चीत बसून गेले. तोफेच्या नळीत कबुतरांनी घर केलं होतं. तोफ डागायचा हुकूम झाला आणि धुराच्या आधी कबुतरं बाहेर पडली. दिग्दर्शकाला सीन इतका आवडला होता की त्यानं तो तसाच ठेवला. भर समुद्रात कबुतरं कुठून आली, हे एकाही प्रेक्षकानं विचारलं नाही म्हणे.

त्यांनीच मला ते दार दाखवलं. जाड पोलादी, कोपरे गोल, पाणी आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी रबर, कडेनं आवळायच्या मुठी. खालच्या कोपऱ्याला एक पोचा. हे दार बहुतेक सगळ्या सिनेमांत होतं. एकदा पाणबुडीचं झालं, एकदा शत्रूच्या दारूगोळ्याच्या कोठाराचं, एकदा तर चक्क तुरुंगाचं. दर वेळी सिनेमावाल्यांनी त्याला नवा रंग फासला. कडेला एका जागी टवका उडाला होता, तिथं आत सगळे रंग एकाखाली एक दिसायचे. करडा, काळा, शेवाळी हिरवा, पुन्हा करडा, आणि तळाशी नौदलाचा मूळ राखाडी. म्हातारबाबा त्यावर नख ठेवून प्रत्येक रंगाचा सिनेमा सांगायचे.

पाइप तिथंच राहिले. मी दार घेऊन आलो आणि ऑफिसच्या भिंतीला टेकवून उभं केलं.

मग घरी, गारखेड्यात, आमचा एक नादच झाला. बायको आणि मी मोबाइलवर ते जुने सिनेमे शोधायचो. मी पोचा बघत बसायचो.

"थांबव! तेच बघ, तेच!"

"अहो, तिथं माणूस मरायलाय आणि तुम्ही दाराकडं काय बघताय?"

कबुतरंही सापडली. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. समुद्र खरोखरच उजव्या हाताला होता. भाड्याच्या रंगात, बंद इंजिनावर, एका धक्क्याला बांधलेल्या नौकेवरून त्या लोकांनी अख्खा समुद्र उभा केला होता. मी धंदेवाला माणूस आहे, कमी मालात जास्त काम करणाऱ्याला मी मानतो.

अशातच तो कलादिग्दर्शक आला. पोरगेला, केस बांधलेले, बोलायला गोड. नौका तुटून गेलेली, आणि त्यांचा नवा सिनेमा युद्धनौकेवरचा. सगळं स्टुडिओत उभं करणार होते, फक्त जवळून दिसणारं दार खरं हवं होतं.

"शेठ, विकताय का?"

"नाय."

"एकदा किंमत तर ऐका."

"विकायचं नाय म्हणलं ना! भाड्यानं न्या, आणि परत आणा."

तो भाव सांगू लागला तसं मी त्याच्या हातावर रुमाल टाकला. तो दचकला, मग हसला. मी त्याला बोटांची रीत समजावली. गडी लगेच शिकला. रुमालाखाली त्यानं माझ्याशी जी घासाघीस केली, ती बघून मला वडिलांची आठवण झाली. मी राजी झालो ते अर्धं त्या बोटांवर. आता वाटतं, तिथंच तो मला ओळखून गेला.

सिनेमाचं काम झाल्यावर ट्रक आला. हायड्रा क्रेननं दार उतरवलं, त्यामुळं कुणाच्या हाताला वजन लागलं नाही. माझ्या माणसानं विचारलं, "मालक, काट्यावर घेऊ का?"

माझ्या आवारात खिळासुद्धा काट्यावर चढल्याशिवाय आत येत नाही. पण मी नाही म्हणालो. याला कारण आहे. आमचा मेंढा पैदाशीसाठी दुसऱ्याच्या कळपात जायचा, तेव्हा तो परत आला की वडील त्याला उलटापालटा करून बघत नसत. त्याच्यापुढं मूठभर दाणे टाकायचे आणि बांधायचे. रुमालाखाली ठरलेली वस्तू परत आल्यावर तपासली तर नेणाऱ्याला चोर म्हटल्यासारखं होतं, ही आमच्या घरची रीत. मी दारावरून हात फिरवला, पोच्यावर अंगठा ठेवला आणि ट्रकवाल्याला चहा पाजला.

काही आठवड्यांनी माझे भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, आवारात आले. त्यांना मी रंगांचे थर दाखवले आणि सगळे सिनेमे सांगितले. भाऊजींना कशावरच विश्वास बसत नाही.

"एवढेच थर कशावरून? आणखी खरवडून बघा की."

"बघा ना!" मी चिडून म्हणालो आणि टवक्याच्या शेजारी स्वतःच किल्ली ओढली.

करड्या रंगाखाली एकदम रेड ऑक्साइडचं तांबडं अस्तर निघालं. त्याखाली नवा, चकचकीत पत्रा.

भाऊजी म्हणाले, "हे तर आपल्या शटरसारखं दिसायलंय."

मी खाली वाकलो. टवक्याला डोळा लावला. ते थर थर नव्हतेच. बारीक ब्रशनं रंगवले होते. करडा, काळा, शेवाळी, करडा, राखाडी, त्याच क्रमानं, प्रत्येक रंगाची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली, खाली सावली. पोचा तिथल्या तिथं. रबराला तशाच भेगा. मुठींवर हात लागून लागून येणारी झिलईसुद्धा बरोबर त्याच जागी. दार काट्यावर घेतलं, खऱ्याच्या निम्मंही भरलं नाही. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि पहिला शब्द निघाला तो, "वा!"

ज्या कारागिरानं हे केलं त्याच्यावर माझा राग नाही. त्याचे हात बघायची इच्छा आहे. माझ्या रागीट डोक्याला हे पटवायला वेळ लागला, पण ज्याला सांगितलं होतं त्यानं सांगितलेलं काम केलं, आणि असं केलं की मी फसलो.

मी कलादिग्दर्शकाला फोन लावला. आता मी शेठचा काका झालो होतो.

"काका, खरंच सॉरी. शेवटच्या स्फोटात डमी उडवायचं होतं. गोंधळात खरं दार उडालं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"उडालं?"

"तुकडे झाले, काका."

त्या दिवशी मी जेवलो नाही. त्या नौकेचं पोलाद वितळून कधीच सळया झाल्या असतील, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेल्या असतील. तिचं ओळखता येईल असं माझ्या माहितीत एवढंच उरलं होतं.

सिनेमा लागला तेव्हा बायकोला घेऊन गेलो. सिनेमा चांगला आहे, हे मी कबूल करतो. मध्यंतराआधी पाणी आत घुसतं आणि हिरो ते दार लोटून बंद करतो. त्याच्या मानेची शीर तटतटते. तो अभिनय नाही, ते वजन आहे. दार मिटल्याचा आवाज आला आणि मी खुर्चीत सरळ झालो. तो भरीव, खोल आवाज मी कुठंही ओळखीन. ते माझंच दार. त्या नौकेचं शेवटचं काम, आणि काय काम!

मग शेवटचा स्फोट. दार उडालं. लोक ओरडले. मी डोळ्याची पापणी हलवली नाही. दार मधोमध दुमडलं, पापडाच्या डब्याचं झाकण दुमडतं तसं, आणि कड फाटली.

"पत्रा!" मी उभा राहून ओरडलो. "पत्रा आहे तो! जाड पोलाद असं दुमडत नसतं!"

"अहो, खाली बसा. लोक बघायलेत."

"बघू देत! माझं दार जिवंत आहे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तिकीट दाराचं काढलंय काय?"

घरी येताना रिक्षात बायकोनं शांतपणे विचारलं, "स्फोटात एक खोटं गेलं. मग आपल्याकडं आहे ते?"

"दुसरं खोटं."

"मग दुसरं कशाला केलं त्यांनी?"

तेवढंच मला ऐकायचं होतं. उडवायला एकच खोटं लागतं. दुसरं, पोच्यासकट, भेगांसकट, रंगवलेल्या थरांसकट, फक्त माझ्यासाठी केलं होतं. गोंधळात खरं उडालं असतं तर तो तसा माझ्यासमोर येऊन उभा राहिला असता. एवढं मन लावून केलेली वस्तू गोंधळात होत नाही.

त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही. त्याच्या निर्मात्याच्या ऑफिसातली बाई म्हणते, "सर शूटला आहेत." खोटं दार मी मोडलेलं नाही, विकणारही नाही. येईल त्याला दाखवतो, आणि बनवणाऱ्याची खरी तारीफ करतो. तो कारागीर हे वाचत असेल तर त्यानं यावं, माझ्या आवारात त्याच्यासाठी खुर्ची आणि चहा कायम आहे.

पण ज्यानं माझ्या रुमालाखाली हात घातला, त्यानं पाहुणा म्हणून येऊ नये. उत्तर घेऊन यावं. दार कुणाच्या बंगल्यात आहे, कुणाच्या हॉटेलात शोभेला लावलंय, कुठल्या गोदामात पुढच्या रंगाची वाट बघतंय? तू मला सांगितलंस, तुकडे झाले. मी सिनेमा पाहिलाय. माझं दार कुठं आहे, बोल.