शेख मॅडम आणि मूलद्रव्यांची भिंत

शेख मॅडमांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. हे त्यांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथात नको, असे संपादक मंडळाने हळूच सुचवून पाहिले. पण मी जन्मभर गणित शिकवले आहे. पहिली पायरी गाळली की पुढचे उत्तर बरोबर असले तरी मला पटत नाही.

शकीला शेख मॅडम मूळच्या खामगावच्या. सोनाळ्याला आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वर्गाची मागची भिंत मागितली. शाळेत ओल न धरणारी तेवढी एकच भिंत होती, आणि तिच्यावर मी हौसेने पेंटरकडून बीजगणिताची सूत्रे रंगवून घेतली होती. मी साफ नाही म्हटले. त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, सूत्रं पोरांच्या डोक्यात असतील तर भिंतीवर काऊन पाहिजेत? अन् डोक्यात नसतील, तर भिंतीनं तरी काय केलं?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी माझ्या सूत्रांवर चुना फिरला.

त्या चुन्यावर मॅडमांनी आवर्तसारणी आखली. फक्त चौकोन आणि चौकोनात मूलद्रव्याचे नाव, बाकी सगळे कोरे. नववीतल्या प्रत्येक मुलाला एकेक मूलद्रव्य वाटून दिले. त्याची माहिती इंटरनेटवर शोधायची, पडताळायची आणि मगच चौकोनात लिहायची. पोरांनी मूलद्रव्ये इतकी मनावर घेतली की मैदानात हाका सुरू झाल्या, "ए बोरॉन, चेंडू फेक ना बे!" हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

त्या काळी इंटरनेट तालुक्याला, तेही एकाच केंद्रात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मॅडम चार-पाच मुलामुलींना घेऊन एसटीत बसत. वीज कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून विचारायचे प्रश्न मुले तळहातावर लिहून नेत. रमजानच्या दिवसांतही हा क्रम चुकला नाही. स्वतः रोजा धरलेल्या मॅडम स्टँडवर उभ्या राहून पोरांना केळी खायला लावत, आणि आपण मात्र पाण्याचा थेंब घेत नसत. आम्ही पुरुष शिक्षक त्या वेळी घरी जेवून आडवे झालेले असायचो.

मॅडमांचा नियम असा की एका साइटवरचे खरे धरायचे नाही, दुसरी जागा शोधायची. दोन ठिकाणी तेच वाक्य सापडले तर ती एकच जागा समजायची, कारण एकाने दुसऱ्याचे उचललेले असते. या नियमाचा पहिला फटका मलाच बसला. गंधक ज्याच्या वाट्याला आले होते त्या मुलाला एका साइटवर वितळणबिंदू एकशे पंधरा सापडला आणि दुसरीवर दोनशे एकोणचाळीस. एक सेल्सिअसमध्ये, दुसरा फॅरनहाइटमध्ये. पठ्ठ्याने काय करावे? मी त्याच आठवड्यात सरासरी शिकवली होती! त्याने भिंतीवर ऐटीत एकशे सत्त्याहत्तर लिहून टाकले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले, त्या मुलाला परीक्षानळीत गंधक वितळवायला लावले आणि थर्मामीटर माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "वाचा सर, तुमच्या सरासरीचं काय झालं ते." सगळा वर्ग हसला आणि मीही हसलो. त्या दिवसापासून आमचे सूत जमले ते आजतागायत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती बीटी कपाशीची वर्षे होती. बियाण्याच्या जाहिरातीची जीप भोंगा लावून गावातून फिरे आणि दुकानदार पिकाच्या प्रत्येक दुखण्यावर छातीठोकपणे औषधाची बाटली काढून देत. अशाच एका हंगामात ऐन बोंडे धरायच्या वेळी कपाशीवर लाल्या पडला. हिरवीगार पाने आठवड्याभरात लाल होऊन गळू लागली आणि अख्खे गाव हवालदिल झाले. दुकानातली प्रत्येक बाटली फवारून झाली.

नेमके त्याच वर्षी आमच्या नववीतल्या वैशालीकडे मॅग्नेशियम होते. मॅग्नेशियम कमी पडले की कपाशीची पाने लाल होतात, हे तिला इंटरनेटवर सापडले आणि तिने ते घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की शाळेच्या कॉम्प्युटरने लाल्याचे औषध काढले!

याच सुमारास मुलींना इंटरनेट केंद्रात नेण्यावरून कुजबुज सुरू होती. तिथे काय काय दाखवतात, पोरी बिघडतात, असे काहीबाही. मुलींचे जाणे चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ठरवायला शाळा समितीने पालकसभा बोलावली. व्हरांडा माणसांनी भरला. समितीचे अध्यक्ष तसे भले गृहस्थ. त्यांनी मॅडमांना वाटच करून दिली. म्हणाले, मॅडम, बाकीचे राहू द्या, मॅग्नेशियम फवारायचे की नाही एवढे सांगा. गावाचे भले होत असेल तर पोरींना कोण अडवणार?

मी मॅडमांच्या शेजारीच बसलो होतो. मी कानाशी लागून म्हटले, हो म्हणून टाका, मॅग्नेशियमने कुणाचे वाईट होत नाही, आणि पोरींचे जाणेही वाचेल. खरेच, नुसते एक 'हो' हवे होते.

मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले माहीत नाही."

व्हरांड्यात खळबळ उडाली. मॅडमांनी समजावून सांगितले की पाने पाण्याच्या ताणानेही लाल होतात, थंडीनेही होतात, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होतात. वैशालीला सापडले ते खोटे नाही, पण ते आपल्या रानाचे आहे की नाही हे रान तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मागून कोणीतरी चिडून विचारले, मग एवढ्या लांब पोरींना नेता तरी काऊन? एकही मुलगी आता एसटीत बसणार नाही, हे मला लख्ख दिसू लागले. मॅडमांचा चेहरा उतरला होता, पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मला त्यांचा मनापासून राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने वैशालीची आई उठली. रान तीच कसत असे. पदर सावरत ती म्हणाली, "औंदा मले ज्यानं त्यानं सांगतलं, हे मार, ते मार. सगळ्यायले सगळं माहीत होतं. माहीत नाही म्हणणारी ही एकच बाई भेटली. माही पोरगी हिच्यासंगच जाईन."

ती खाली बसली आणि विषय तिथेच मिटला. अध्यक्षांनी चहा सांगितला.

पुढे मॅडम आणि मुले पिशव्यांत पाने आणि माती भरून कृषी खात्याच्या माणसांकडे घेऊन गेली. कुणाच्या रानात मॅग्नेशियम कमी निघाले, कुणाच्या रानात नुसते तुडतुडे. त्या हंगामात फार काही वाचले असे मी म्हणणार नाही. मुली मात्र दर शनिवारी एसटीत बसत राहिल्या. वैशाली आज बुलढाण्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

मॅडमांची एकसष्टी होते आहे. त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि साखर वर-खाली होते. त्यांनी दोन्हींना आवरून धरावे, चहात साखर घालू नये आणि जिने सावकाश चढावेत, ही वडीलकीच्या नात्याने माझी आज्ञा समजावी. मॅडम, आता तर प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आहे आणि विचारायच्या आधीच ठाम उत्तर देणारे गल्लोगल्ली झाले आहेत. भरल्या सभेत उभे राहून 'मले माहीत नाही' म्हणणारे माणूस या वयापर्यंत मला एकच भेटले. तुम्ही खूप खूप जगा. आमच्या नातींनाही अजून तुमच्यासंगच जायचे आहे.