भांडायला आलेला दोस्त

न्हावऱ्यात विहिरीवरची मोटार जळली की ती भरायला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायला, मेहमूद शेख यांच्याकडे जायची. दुकान पत्र्याचं. दारात उघडून ठेवलेल्या मोटारी, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि सगळीकडे वार्निशचा वास. मेहमूदभाईंच्या वडिलांनी ते सुरू केलं, आणि साठी गाठेपर्यंत मेहमूदभाईंनी तेच चालवलं. हात कामात आणि तोंड राजकारणात, असा त्यांचा दिवस जायचा.

तोंडाला जोडीदार म्हणजे पोपटराव. ऊस, कांदा आणि चार म्हशी असलेला शेतकरी. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. सकाळी डेअरीला दूध घातलं की पोपटराव रिकामी किटली दुकानाच्या दारात ठेवायचे, लाकडी स्टूल ओढायचे आणि विचारायचे, "काय मेहमूद्या, तुझ्या पुढाऱ्यांनी काल काय दिवे लावले?"

"तुझ्यांनी लावल्यात त्येच इझवायला येळ पुरंना त्यांना," मेहमूदभाई म्हणायचे आणि दिवस सुरू व्हायचा.

पोपटरावांचा पक्ष एक, मेहमूदभाईंचा दुसरा. पुढाऱ्यांनी पक्ष बदलले, पक्षांची नावं आणि चिन्हं बदलली, पण या दोघांचं काही एकमत झालं नाही. आवाज इतका चढायचा की नवखा माणूस रस्त्यात थांबून बघायचा, मारामारी होते की काय. तोवर चहा यायचा.

एकदा पोपटराव ग्रामपंचायतीला उभे राहिले. भावकीनं पाठीवर थाप मारली. गावानं हो म्हटलं. मेहमूदभाईंनी मात्र तोंडावर सांगितलं, "मी तुला मत देनार न्हाई. तुला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. ठेकेदार तुला हप्त्यात खिशात घालत्याल." पोपटराव पडले. गुलाल दुसऱ्याच्या अंगणात उधळला. त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसला तो एकटा मेहमूद. पोपटराव म्हणाले, "साऱ्या गावानं हो म्हनून पाडलं रं मला. न्हाई म्हनून पाडलं ते तू एकट्यानंच." आणि दोघंही हसत सुटले.

असं सगळं चाललं असताना लोकसभेची निवडणूक आली आणि त्याआधी कांद्याची निर्यातबंदी. पोपटरावांचा कांदा साठवणीच्या चाळीत सडत होता, तरी ते सरकारची बाजू मांडत होते. स्वतःचा कांदा नसलेले मेहमूदभाई मात्र पेटले होते. मोटारीत तार भरता भरता ते म्हणाले, "भाव आला की दारं बंद! शेतकऱ्यानं म्हनावं काय, असल्या देशात ऱ्हायचं कशाला? पन त्यो ऱ्हातो. का, तर ही माती त्याच्या बापाची हाय. म्हनून तुम्ही त्याला गृहीत धरता!"

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढचंमागचं कापून उरलं एवढंच: 'असल्या देशात ऱ्हायचं कशाला?' आणि खाली दुकानाचं नाव.

दोन दिवसांत ते तालुकाभर फिरलं. अनोळखी नंबरांवरून फोन आले. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी देश सोडायला गाडीभाडं देतो म्हणून सांगितलं. भरायला टाकलेल्या मोटारी लोक तशाच जळक्या उचलून घेऊन गेले. मुलगा इम्रान रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. तिथं कँटीनच्या लायनीत कुणीतरी हसत विचारलं, "क्या इम्रानभाई, अब्बा कब निकल रहे हैं?" इम्रान घरी आला आणि बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. मेहमूदभाईंची बायको हसीना म्हणाली, आता बोलणं बंद करा. कुणाशीच नको.

मेहमूदभाईंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पोपटराव नेहमीसारखे आले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर तो विषय काढायची हिंमत गावात कुणी केली नव्हती. त्यांनी स्टूल ओढलं आणि पहिलाच बार काढला, "बघितलं का, आमच्या सभेला केवढी गर्दी!"

"व्हय," मेहमूदभाई म्हणाले. "चांगली झाली म्हनं. बसा पोपटराव. चहा सांगू?"

पोपटराव हसले. "पोपटराव? आन् बसा? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

पहिला दिवस पोपटरावांना जिंकल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशीही मेहमूदभाई म्हणाले, "तुमचं बरोबर हाय." मग रोजच. काही म्हणा, तुमचं बरोबर हाय. पोपटरावांनी मुद्दाम धडधडीत चुकीची गोष्ट सांगून पाहिली. तिलाही 'असंल' एवढंच उत्तर आलं. मेहमूदभाई मान खाली घालून तार भरत राहिले. त्या एका 'तुम्ही'नं आपण काय तोडतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. जीभ प्रत्येक वेळी 'अरे'पर्यंत यायची आणि मागं फिरायची.

शेवटी दुकानाला कुलूप लावून ते दौंडला मुलीकडे गेले. रुबीचं घर स्टेशनापासून जवळ, जावयाची बेकरी. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि सुरुवातीला तेच बरं वाटलं. त्यांनी रुबीचा मिक्सर दुरुस्त केला, शेजाऱ्यांचे पंखे केले, बेकरीची कणीक मळायची मशीन उघडून पुन्हा बसवली. सगळे त्यांना मान देत. पण पेपर वाचून झाला की तो घडी घालून बाजूला ठेवावा लागे. तुम्हाला काय वाटतं, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. रुबीच्या लक्षात आलं, अब्बा हल्ली पेपरशी पुटपुटतात.

इकडे न्हावऱ्यात पोपटराव बंद दुकानासमोरून किटली घेऊन सरळ घरी यायला लागले. बायको कस्तुराबाईंनी चार दिवस बघितलं आणि विचारलं, "भांडन झालं का तुमचं?"

"भांडन झालं असतं तर बरं झालं असतं," पोपटराव म्हणाले.

कस्तुराबाईंना बाजारात बायकांकडून कुणकुण लागली होती. त्यांनी नातीला बोलावलं आणि तिच्या फोनवर पोपटरावांना तो व्हिडिओ दाखवायला लावला. पोपटरावांनी एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "ह्ये अर्धंच हाय. ह्याच्या पुढं त्यो बोलला हुता. माझ्याशीच बोलला हुता."

त्यानंतर दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी रुबीच्या दाराची कडी वाजली. दारात पोपटराव. धुतलेलं धोतर, एका हातात कस्तुराबाईंनी दिलेला खरवसाचा डबा आणि एसटीत उभं राहून आल्यामुळं घामाघूम. रुबीनं "या मामा" म्हटलं. ते आत आले, डबा तिच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माझी भीती वाटली व्हय रं तुला?"

मेहमूदभाई उठले. "बसा तरी आधी."

"बसा म्हनू नगंस. मी इचारतो त्याचं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. तुमची कशी भीती वाटंल, असं म्हणून चहा मागवता आला असता. मेहमूदभाईंनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "वाटली. आदी फोन करनाऱ्यांची वाटली. मग गिऱ्हाइकांची. मग रस्त्यानं जानाऱ्या परत्येकाची वाटाया लागली. त्यात तू बी आलास. शिव्या देनारी पोरं तुझ्याच पक्षाचं उपरनं घालून फिरत्यात, पोपट्या. मी कुनाकुनात फरक करू?"

पोपटराव खाली बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. तुझा गैरसमज आहे असं काही ते म्हणाले नाहीत.

मग सांगायला लागले. गेल्या आठवड्यात तळेगाव ढमढेरेला त्यांच्या पक्षाची बैठक होती. तिथं ते उठले. सभेत बोलायची सवय नाही. म्हणाले, त्या दिवशी स्टुलावर मी बसलो होतो, मेहमूद पुढं काय बोलला ते ऐका, आणि सगळं वाक्य म्हणून दाखवलं.

"मग?" मेहमूदभाईंनी विचारलं.

"मग काय. अध्यक्ष म्हनले, पोपटराव, विषयाला धरून बोला. खाली बसवलं मला."

"कुनी टाळ्या बी वाजवल्या न्हाईत?"

"छ्या. भाईर आल्यावर एकानं हात दाबला. त्यो बी हिकडं तिकडं बघून." पोपटरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पक्ष न्हाई सोडला मी. तुला वाटंल सोडला. मत माझं तेच हाय. आन् कांद्याचं म्हनशील तर तुझं तवा बी चुकलंच हुतं. बंदी घातली न्हाई तर शहरातल्या गरिबानं खायाचं काय?"

मेहमूदभाईंच्या कपाळावरची शीर उठली. "काय चुकलं? काय चुकलं सांग की! गरिबाचा येवढा पुळका हाय तर सरकारनं तुझा कांदा इकत घ्यावा आन् वाटावा! तुझ्या चाळीतला सडवून कुठल्या गरिबाचं प्वाट भरलं?"

"आरं पन आधी ऐक तरी!"

"तू ऐक! महिनाभर ऐकतोय मी तुझं!"

रुबी हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर धावली. दोघं समोरासमोर उभे, दोघांचे हात हवेत. अब्बांचा चेहरा लाल झाला होता आणि आल्यापासून पहिल्यांदा ते नीट दिसत होते. ती पुन्हा आत गेली आणि खरवसाच्या वड्या ताटलीत काढायला लागली.

दोघं संध्याकाळच्या एसटीनं न्हावऱ्याला परतले.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं मात्र नाही. काही गिऱ्हाइकं आली, काही अजून शिरूरला जातात. इम्राननं अट घातली, बोलायचं ते आत बसून, रस्त्यावर नको. त्या अटीचं मेहमूदभाईंना वाईट वाटतं, पण ते ती पाळतात. पोपटरावांचं स्टूल आत आलं आणि वार्निशच्या वासानं डोकं दुखतं अशी त्यांची नवी तक्रार सुरू झाली. इम्रान सुट्टीच्या दिवशी दुकानात असला की आवाज चढताच दार लोटून घेतो. एकदा पोपटराव त्याला म्हणाले, "उघडं ठिव की रं." इम्रान म्हणाला, "मामा, तुमी घरी जाता. आमी हितंच ऱ्हातो, आन् फोन बी आमालाच येत्यात." तेव्हापासून पोपटराव आत आले की दार स्वतःच लोटून घेतात.

मेहमूदभाई देवाकडे फार काही मागणारे नाहीत. जुम्म्याच्या नमाजनंतर ते हात पसरतात तेव्हा हसीना, इम्रान, रुबी यांची नावं घेऊन झाली की अल्लाचा शुक्र मानतात. या दिवसांत ज्याचं मत पटत नाही असा एक माणूस एसटीत उभा राहून दौंडपर्यंत भांडायला आला, याचा. एका शुक्रवारी त्यांनी, या पोपट्याला जरा सुबुद्धी दे, असंही मागून घेतलं होतं. मशिदीच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांना ते जड वाटायला लागलं. चपला पायात सरकवता सरकवता त्यांनी मनातल्या मनात सांगितलं, राहू दे, आहे तसाच असू दे, आणि दुकानाकडे वळले.