लिफ्ट खाली होती

कुबडी भिंतीला टेकवून ती बाई माझ्यासमोर खुर्चीत बसली, आणि कुबडी घसरून धाडकन फरशीवर आदळली. तो आवाज आजही कानात आहे. कारण त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी जे बोललो, त्याची लाज अजून पुरती गेलेली नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी ग्लासगोत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. लहानपणी आई-वडिलांबरोबर इथे आलेला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर इंग्रजी. एके सकाळी विमा कंपनीचा तपासनीस दोन कागद घेऊन स्टेशनवर आला. कपड्यांच्या गोदामात काम करणारी एक विधवा, पन्नाशीची, मूळची नागपूरकडची. मालाच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तिनं मालकाकडे भरपाई मागितली होती, आणि ती याच विमा कंपनीला भरावी लागणार होती.

"बाई बनाव करतेय," तपासनीस म्हणाला. "दोन्ही जबाब वाचा."

पहिला जबाब अपघातानंतर आठवड्याभरात गोदामाच्या मॅनेजरनं दुभाष्याकडून घेतलेला: दार उघडलं, लिफ्ट रिकामी होती. दुसरा तिच्या सॉलिसिटरकडे, मुलीच्या मदतीनं दिलेला: दार उघडलं, लिफ्ट खालच्या मजल्यावर होती, म्हणून मी पडले. आता लिफ्ट रिकामी का होईना, पण समोर उभी असेल तर माणूस खड्ड्यात पडेल कसा? त्यात कोणीतरी फोन करून कंपनीला कळवलं होतं की बाई घरच्या जिन्यावरून पडली. नाव न सांगता, अर्थात.

माझे इन्स्पेक्टर म्हणाले, "तुझीच भाषा आहे, तूच बघ."

बाई आली ती सॉलिसिटरला घेऊन. सॉलिसिटर तरुण होती, स्कॉटिश, बोलायला रोखठोक. तिनं आधीच बजावलं, "सार्जंट, अपघाताला तीन वर्षं व्हायच्या आत दावा कोर्टात दाखल झाला नाही तर तो संपला. सात आठवडे उरलेत. आणि तुमच्या चौकशीपायी लीगल एड, म्हणजे वकिलीच्या खर्चाची सरकारी मदत, अडकून पडलीय."

म्हणजे मी रेंगाळलो तरी बाई हरणार होती. तरीही मी ताठच. पहिला जबाब पुढे सरकवला आणि मराठीत विचारलं, "तुम्ही सांगितलंत, लिफ्ट रिकामी होती. ही सही तुमचीच ना?"

"सही माझी. पण रिकामी? मी कुठं म्हटलं रिकामी?"

"इथे लिहिलंय."

"लिहिलं असेल. मला इंग्रजी वाचता येत नाही, साहेब. ते म्हणाले सही करा, मी केली."

"मॅडम, खोटं बोलू नका. तुरुंगात जाल." हे माझे शब्द. आईच्या वयाच्या बाईला.

तिचा चेहरा लाल झाला. टेबलावर थाप मारून ती ओरडली, "अरे काय लावलंय तुम्ही सगळ्यांनी! रिकामी नव्हे हो, खाली! लिफ्ट खाली होती! खाली म्हणजे खाली!" आणि तिनं बोटानं फरशी दाखवली.

मी हळूच विचारलं, "दुभाष्या कोण होता?"

"हिशेबखात्यातले एक भले गृहस्थ. हिंदीवाले. मी आपली मराठीत बोलत गेले, ते मान डोलवत गेले."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मराठीत खाली म्हणजे तळाला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. बाई इंडियन, म्हणून मॅनेजरनं इंडियन माणूस बोलावला, काम भागलं! त्याच दुपारी मी त्या गृहस्थांना गाठलं. ते बिचारे कपाळाला हात लावून म्हणाले, "साहब, उन्होंने खाली ही कहा था. मैंने वही लिखवाया."

शब्दाचा उलगडा झाला, पण तेवढ्यानं दावा जिंकता येत नाही. आमच्या फौजदारी कामात संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो. दिवाणीत पारडं जरासं झुकलं तरी पुरतं. मात्र ते झुकवायचं ज्यानं दावा केला त्यानं. नुसतं पडलं म्हणून भरपाई मिळत नाही, मालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. लिफ्ट तळाला असताना दार उघडलंच कसं? लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू न देणारं कुलूप त्यावर असतं, आणि मॅनेजर म्हणत होता, ते ठणठणीत होतं. माझ्याकडे फसवणुकीची तक्रार होती, तेव्हा ती खरी की खोटी हे तळापर्यंत बघणं माझं कामच होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑफिसात त्या वेळच्या दुरुस्तीची नोंद मागायला मी तीनदा गेलो. दोनदा "कागद सापडत नाही" ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणालो, सापडेपर्यंत इथेच बसतो. चहाचा दुसरा कप संपायच्या आत कागद सापडला. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी दाराचं कुलूप बदललेलं, आणि खाली मॅनेजरची सही.

मॅनेजरला तो कागद दाखवला. त्यानं कबूल केलं की बाई जिन्यावरून पडल्याचा तो निनावी फोन त्याचाच होता.

मी अहवाल फिस्कलकडे, म्हणजे इथल्या सरकारी वकिलाकडे पाठवला: बाईनं फसवणूक केलेली नाही. लीगल एड सुटली, मुदतीला नऊ दिवस असताना दावा दाखल झाला, आणि सुनावणीआधीच विमा कंपनीनं तडजोड केली.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. ज्याचा जबाब, त्याच्याच भाषेत त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. हाताखालचे कुरकुरायचे, वेळ जातो म्हणायचे. जाऊ दे वेळ. माणूस खरं बोलत असतो आणि कागद खोटा निघतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तडजोडीच्या आधी, चौकशी बंद झाल्याचं कळवायला मी तिच्या घरी गेलो होतो. ती म्हणाली, "भरपाई मिळो न मिळो, मी खोटारडी नाही हे लिहिलंत ना?"

"लिहिलं," मी म्हणालो. मग इंग्रजीत, सरकारी थाटात, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. ती नुसती बघत राहिली. मी टोपी काढली. "काकू, माझं चुकलं. तुम्हाला खोटं ठरवलं, माफ करा."

"हां," ती म्हणाली, "आता कळलं. बस बाळा, चहा टाकते."