लॉजवरचे पांढरे हातमोजे

सगळी गल्ली त्यांना इंचपट्टीबाई म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. गळ्यात पट्टी नाही असं त्यांचं रूप कुणी पाहिलंच नव्हतं. दार उघडायला आल्या तरी पट्टी, बाजारात निघाल्या तरी पट्टी. एकदा नवराबायकोचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा फोटोवाल्याने अक्षरशः हात जोडले, "बाई, आता तरी ती काढा हो!" तर म्हणाल्या, "काढते. पण आधी तुमच्या कोटाची डावी बाही आखूड आहे, ती कुणी शिवली ते सांगा."

शिवण त्या सिस्टरांच्या शाळेत शिकल्या. तिथे शिवण वाकडी गेली की कुणी ओरडत नसे, नुसतं उसवायला लावत. तेच वळण बाईंच्या स्वभावाला पडलं होतं. बिघडलं की रडायचं नाही, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. त्या शाळेतलं अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची धातूची टोपी, त्यांनी आठवण म्हणून सुयांच्या डब्यात जपून ठेवली होती. शाळकरी बोटाचं माप ते; आता करंगळीवरसुद्धा चढत नसे. रोजच्या कामाचं अंगुस्तान वेगळं होतं, आणि ते बहुतेक वेळ बोटातच असे.

नवरा सुतार. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा कारखाना, दारं आणि खिडक्या करायचा. माणूस अबोल, लाकूड जेवढं बोलेल त्याहून चार शब्द कमीच. लेक लग्न होऊन दूर गेल्यावर घरात दोघंच उरली. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून दोघांनी चहा घ्यायचा, हा एक नेम मात्र कधी मोडला नव्हता. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण बाईंना त्या पायरीवर बसलं की दिवस नीट घडी घालून कपाटात ठेवल्यासारखा वाटे.

तो नेम मोडायला लागला. सुतारांना कुठल्याशा सभेच्या खुर्च्या दुरुस्त करायचं काम मिळालं होतं. काम संपलं, खुर्च्या गेल्या, पण त्यानंतर सुतार अधूनमधून संध्याकाळी काळा कोट घालून बाहेर पडू लागले. कोट बाईंनीच शिवलेला. हातात एक चपटी पेटी, तिला कुलूप.

"कुठे निघालात?"

"काम आहे."

"कोट घालून? रंधा मारायला?"

सुतार हसले आणि पेटी काखेत मारून निघाले. शिवाय कारखान्यातून हल्ली पुटपुटणं ऐकू येई. बाई डोकावल्या की एकदम गप्प, आणि समोर बघावं तर नुसत्या उभ्या फळ्या.

अशात एके दुपारी थोरली नणंद फ्रॉकचं कापड घेऊन आली. नातीचा फ्रॉक हे निमित्त. खरं म्हणजे पोटात बातमी मावत नव्हती.

"बस गं जरा खाली," नणंद म्हणाली. "बसलीस? आता मन घट्ट कर."

"झालं तरी काय, वन्सं?"

"आमचा भाऊ लॉजवर जातो!"

बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. लॉज म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, ते काय सांगायला हवं? कळकट पडदे, तासावर भाडं घेणारा मॅनेजर, आणि खरं नाव न सांगणारी माणसं.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मोठ्या रस्त्यावर ह्या डोळ्यांनी पाहिला. कोट घालून, केस चापूनचोपून! पानवाल्याला विचारलं, ही इमारत कसली? तो म्हणाला, लॉज. बाहेर पाटीसुद्धा नाही गं. चांगल्या ठिकाणाला पाटी नसते का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही हो. तू बघ बाई तुझं."

वन्सं सांगणार नाहीत म्हणजे दिवेलागणीपर्यंत गल्लीला कळणार. पण बाईंना गल्लीची पर्वा नव्हती. त्यांना त्या पायरीची चिंता होती. एवढी वर्षं ज्या माणसाशेजारी न बोलता बसलो, तो न बोलणारा माणूस खरोखर आपला होता, की नुसताच न बोलणारा?

नणंद गेल्यावर त्यांनी पेटीची किल्ली शोधली. शोधायचं काय, सुतार सगळ्याच किल्ल्या स्क्रूच्या डब्यात टाकत. पेटी उघडली. आत पांढऱ्या मऊ कातड्याचा लहानसा एप्रन होता. त्यावर निळ्या रेशमाने भरलेला एक गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, आणि त्यावर पाय फाकून उभं राहिलेलं कर्कटक. बाईंना कळेना. गुण्या तर घरात खिळ्याला टांगलेलाच आहे. तो रेशमाने भरून लॉजवर न्यायचं कारण काय?

एप्रनखाली पांढरे हातमोजे होते. पुरुषी, मोठे. आणि त्यांच्याखाली, पातळ कागदात, आणखी एक जोडी. नाजूक. बायकी.

तरी आशा वेडी असते. त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून मोजा चढवायला घेतला. बोटांच्या पेरांपर्यंत आला आणि अडला. ओढला, पिरगळला, पण पुढे सरकेना. माप घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. हा हात आपला नव्हे, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. सडपातळ बोटं, अरुंद तळवा. तिचं वयही त्यांनी मनातल्या मनात बेतून टाकलं.

त्या तशाच पेटी उचलून कारखान्यात गेल्या. सुतार दाराची फळी तासत होते. बाईंनी ती लहान जोडी बरोबर रंध्याच्या वाटेत ठेवली.

"ही कुणाची?"

सुतारांचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, संपलं सगळं.

"तुझीच," सुतार म्हणाले. "पण होत नाहीत ना?"

"माझी? माझ्या अंगठ्याला तरी होईल का ही?"

"अगं, त्या खुर्च्यांवाल्या सभेने बायकोच्या हाताचं माप मागितलं. तुला विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तुझ्या सुयांच्या डब्यातलं अंगुस्तान नेलं."

"डब्यातलं? अहो, ते शाळेतलं! मी चौथीत होते तेव्हाचं!"

"ते मला मोजे आल्यावर कळलं. तुझ्या बोटातलं पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चौकटी मोजल्या, आणि बायकोच्या हाताला चुकलो. म्हणून ठेवले लपवून."

"आणि लॉज? वन्सं सांगत होत्या…"

"ताईने पाहिलं?" सुतार मटकन स्टुलावर बसले. आणि मग ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. "अगं, तसला लॉज नव्हे! पूर्वी मोठमोठ्या इमारती बांधायला गवंडी गावोगाव जायचे ना, ते बांधकामाशेजारी एक खोपटं घालायचे. हत्यारं ठेवायला, शिकायला, विसाव्याला. त्या खोपट्याला म्हणायचे लॉज. पुढे त्याचीच ही एकमेकांना बंधू म्हणणाऱ्यांची सभा झाली असं सांगतात. आता त्यात वकील आहेत, दवाखानेवाले आहेत, आणि खुर्च्या नीट केल्या म्हणून मीही आहे. नवीन माणसाला दोन जोड्या मोजे देतात. एक त्याची, एक त्याला सगळ्यात जवळच्या असलेल्या बाईची."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण एवढ्यावर सोडतील त्या बाई कसल्या?

"आणि हे पुटपुटणं?"

"पुढच्या वेळी मला बोलायचंय. एप्रनवरच्या ह्या चित्राचा अर्थ सांगायचा. काही खुणा सांगायची बंदी आहे, पण ह्यात कसलं गुपित? जमतच नाही बोलायला. फळ्यांना ऐकवतो, त्याही कंटाळल्या."

"मला ऐकवा."

सुतारांनी खडू घेतला. म्हणाले, गुण्या आधी दोरीचा होता. सारख्या अंतरावर गाठी मारलेली दोरी, एका बाजूला तीन भाग, दुसरीला चार, तिरकीला पाच. ताणून धरली की कोपरा काटकोनात येणारच, राजाने धरो की हमालाने. म्हणून गुण्या म्हणजे सरळ वागणं. आणि कर्कटक? एक पाय रोवलेला, दुसरा फिरता. उघडू तेवढंच वर्तुळ. म्हणजे आपली हद्द आपणच आखायची.

"हे तर माझं घेराच्या फ्रॉकचं," बाई म्हणाल्या. "कापडाची चौघडी करायची, कोपऱ्यात पट्टीचं टोक दाबून धरायचं आणि खडू फिरवायचा. टोक सुटलं की घेर बिघडला."

"हे सांगू का सभेत?"

"सांगा की! पण दोन्ही एकत्र का काढलीत?"

सुतारांनी फळीवर कर्कटकाने अर्धं वर्तुळ काढलं आणि त्यात गुण्या असा ठेवला की त्याचे दोन्ही हात व्यासाच्या दोन टोकांना लागले. गुण्याचा कोपरा नेमका वर्तुळाच्या रेषेवर टेकला. सरकवून दुसरीकडे ठेवला, तिथेही टेकला.

"कुठेही ठेव. गुण्या खोटा असेल तर वर्तुळ त्याला पकडतं, आणि वर्तुळ वाकडं असेल तर गुण्या."

"मग आज मी तुम्हाला पकडलं म्हणा."

"पकडलंस. पण खोटा नाही ना निघालो?"

"मापात चुकलात. खोटे नाही." बाईंनी मोजे उचलले. "इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदलो, आणि तुम्ही एकटा गुण्याच घेऊन बाहेर पडलात. माणूस घाबरणार नाही तर काय? चला, चहा टाकते."

चहा पायरीवरच झाला. मग बाईंनी सुई, कात्री आणि ते मोजे घेतले आणि उसवायला बसल्या. दोन बोटांच्या मध्ये एकेक पांढरी कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घालायची, तळव्याच्या कडेला एक पट्टी. नवे मोजे घेऊ म्हणून सुतारांनी दोनदा सांगून पाहिलं. बाईंनी मान वर केली नाही.

सभेने घरच्यांना बोलावलं, त्या संध्याकाळी दोघं तयार होऊन बाहेर पडली. सुतारांनी काळा कोट घातला होता. बाईंच्या हातांत आता नीट बसणारे पांढरे मोजे होते, आणि गळ्यात, आश्चर्य म्हणजे, काहीच नव्हतं. कोपऱ्यावर नणंद उभी होतीच.

"कुठे गं निघालात दोघं? एवढं नटूनथटून?"

इंचपट्टीबाईंनी नवऱ्याच्या कोपरात हात घातला आणि पलीकडच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लॉजवर, वन्सं. ह्यांच्याबरोबर."