प्रेमराजची पाण्यावरची एस.टी.

आमचा प्रेमराज रिटायर झाला आणि बिघडला. बत्तीस वर्षं धुळे आगारात ड्रायव्हर, आणि मी, भिकन, त्याचा कंडक्टर. एक दिवस म्हणे, "भिकन, बोट घ्यायची. जुनी, स्वस्तातली, काचेच्या केबिनमध्ये स्टिअरिंग असलेली. तापीवर फिरायचं." म्हटलं, अरे बाबा, तुला पोहता तरी येतं का? तर म्हणे, "बस चालवायला मला पळता येत होतं का?"

तापीकाठी रुपचंद नावाच्या गड्याची तसली लाकडी बोट विकायला होती. काठावर ओंडक्यांवर चढवलेली, ताजा निळा रंग मारलेली. आम्ही निघालो, तर त्याची बायको, कोकिळावहिनीही निघाल्या. "ही येणार आणि मोडता घालणार," प्रेमराज कुरकुरला.

त्याने बोट तपासली ती आगारातून सकाळची गाडी काढावी तशी. ऑइलची काडी ओढली, बेल्ट दाबला, इंजिन मिनिटभर चालवून कान लावला, हॉर्न चार वेळा वाजवला. आरसा नाही म्हणून रुपचंदला झापलंसुद्धा. मग जाहीर केलं, "पास!" तळाकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. चाकंच नाहीत म्हटल्यावर खाली बघायचं काय!

तेवढ्यात टक टक ऐकू आलं. वहिनी रुपयाच्या नाण्याने बोटीचं पोट वाजवत होत्या, बाजारात माठ घेताना बायका वाजवतात तसं. टण, टण, टण, आणि मागच्या बाजूला भद्. पुन्हा भद्.

"अक्का, रंग निघेल ना!" रुपचंद ओरडला.

प्रेमराज वहिनींवर भडकून अहिराणीवर उतरला. "तुले बोट लेवानीच नही ना? सरळ सांग!"

मी त्या जागी स्क्रू ड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत आत! काढला तर ओला, कुजका भुसा. नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासलेला. रुपचंद आभाळाकडे बघायला लागला, मेला.

प्रेमराज मटकन खाली बसला. वर्षभर या बोटीशिवाय दुसरा विषय नव्हता त्याला. मला फार वाईट वाटलं. "आते खुश ना?" तो वहिनींवर खेकसला.

"खुश कशी व्हसू? माले बी संगे येनं शे. म्हनीसन ठोकी देखं."

म्हणजे वहिनींनाही बोटीतून सोबत यायचं होतं, म्हणून ठोकून पाहिलं! अख्खा जिल्हा फिरवला या माणसाने, बायको मात्र माहेरीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीने गेली. आणि मीही शहाणा, कधी बोललो नाही. तो उठला, पँट झटकली आणि वहिनींसमोर हात पसरला.

"ते नाणं दे. कसं ऐकतस, माले शिकाड. दुसरी देखाले आपण दोन्ही जाऊत."

मला कुणी विचारलंही नाही.