टेप गळ्यात आणि माप डोळ्यात

आमच्या दुकानात जिना चढून पहिल्या मजल्यावर आलं की डावीकडे माझे टॉवेल आणि उजवीकडे ताईंचे स्विमसूट. मध्ये सहा फुटांची वाट. त्या सहा फुटांत एकोणीस वर्षं मी जे काही पाहिलंय, त्यावरून माणसांबद्दल माझं मत फारसं बरं राहिलेलं नाही.

स्विमसूट घ्यायला आलेली बाई सरळ स्विमसूटकडे कधी जात नाही. ती आधी माझ्याकडे येते. टॉवेल उलगडते, गालाला लावते, रंग जातो का विचारते, आणि सगळा वेळ डोळे मात्र पलीकडे. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, काय मागणी आहे टॉवेलांना. मग हळूहळू कळलं की माझा विभाग म्हणजे ताईंच्या गिऱ्हाइकांनी धीर गोळा करायची जागा आहे. पाच-दहा मिनिटं टॉवेल चिवडून झाले की बाई वाट ओलांडते, आणि ताईंनी "या" म्हणायच्या आत सांगून टाकते, "नाही, मी नुसतं बघतेय." जी नुसतं बघत नसते तिला भाचीसाठी हवा असतो. आमच्या भागातल्या भाच्या फार पोहतात. आणि सगळ्याजणी अंगापिंडाने हुबेहूब मावशीवर गेलेल्या असतात.

ताईंना दुकानात पाठीमागे टेपताई म्हणतात. सकाळी दहाला गळ्यात अडकवलेली पिवळी टेप दुकान बंद होताना निघायची आणि ट्रायल रूमशेजारच्या खिळ्यावर जायची. पण त्या टेपने त्यांनी कोणाचं माप घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असतानाच ताईंच्या डोक्यात आकडा तयार. बाई मीडियम मागायची, ताई "हो हो, मीडियमच" म्हणत लार्ज काढायच्या आणि लेबलवर अंगठा दाबून हातात ठेवायच्या. बाई खूश होऊन बाहेर येणार आणि नवऱ्याला ऐकवणार, "बघ, अजून मीडियमच बसतो मला." नवरा मोबाइलमधून मान वर न काढता छान आहे म्हणणार. ताईंचा अंदाज एकदाही चुकला नाही आणि याचा त्यांना भलताच तोरा होता.

गिऱ्हाईक फारच लाजायला लागलं की ताईंचं एक ठेवणीतलं वाक्य होतं. "अहो, पाण्यात कोणी कोणाकडे बघत नाही." हे इतक्या मायेने म्हणायच्या की मलाच पाण्यात उतरावंसं वाटे. आणि बाई पडद्याआड गेली रे गेली की ताई वाट ओलांडून माझ्याकडे यायच्या आणि तिची नक्कल करून दाखवायच्या.

त्यातली सगळ्यात गाजलेली नक्कल अकरावालीची. ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. एका दुपारी तिने अकरा स्विमसूट घालून बघितले, प्रत्येक वेळी पडद्यातून फक्त डोकं बाहेर काढून "जरा यापेक्षा झाकलेला आहे का?" विचारलं, आणि शेवटी विचार करते म्हणून गेली. अशी चार वेळा गेली. पाचव्यांदा आली आणि पहिल्या दिवशी पहिला घातलेलाच घेऊन गेली, काळा, पांढऱ्या किनारीचा. ताई माझ्या टॉवेलांच्या चळतीआडून तिच्यासारखं डोकं काढायच्या आणि माझा चहा नाकातून यायचा. कितीतरी वर्षं आम्ही त्यावर हसलो.

मग ताईंचा उजवा गुडघा गेला.

आमच्याकडे विभागातल्या बायकांनी बसायचं नाही असा नियम आहे. स्टूल आहे, पण ते ट्रायल रूममध्ये, गिऱ्हाइकाला. ताई आधी पोहायच्या चष्म्यांच्या स्टँडला टेकायला लागल्या, मग त्याला धरून चालायला लागल्या, आणि एक दिवस चष्म्यांसकट स्टँड घेऊन जमिनीवर आल्या. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने रोज कमरेइतक्या पाण्यात चाला, नाहीतर उभ्याचं काम सोडा. मॅनेजर भला माणूस. त्याने गोदामात लेबलं लावायची खुर्ची देऊ केली.

"तिथे जिन्यावरून कोण येणार गं?" ताई मला म्हणाल्या. "खोक्यांची मापं सांगत बसू का मी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, कारण ताई गेल्या तर सहा फुटांच्या पलीकडे बघायला मला काही उरणार नव्हतं.

मी म्हटलं, एवढंच ना, मग एक स्विमसूट काढा आणि उद्यापासून जा. दीडशे पडलेत तुमच्या हाताशी. त्यानंतर आठवडाभर ताईंनी तो विषय काढला नाही आणि मला काढू दिला नाही.

दुकानातल्या माणसाने काही विकत घ्यायचं तर सुट्टीच्या दिवशी, पुढच्या दाराने, गिऱ्हाईक म्हणून यायचं, असा आमचा आणखी एक नियम. ताईंची सुट्टी मंगळवारी, आणि त्या दिवशी दोन्ही विभाग माझ्याकडे. त्या मंगळवारी अकरा वाजता ताई पर्स घेऊन जिना चढून आल्या आणि डावीकडे वळल्या. एक टॉवेल उचलला, उलगडला, गालाला लावला.

"मऊ आहे गं हा."

मी म्हटलं, ताई, तो गेली एकोणीस वर्षं मऊच आहे.

त्यांनी आणखी तीन टॉवेल बघितले. रंग जातो का, तेही विचारलं. मग इकडेतिकडे बघत वाट ओलांडली आणि स्वतःच्याच हाताने लावलेल्या स्टँडसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, भाचीसाठी हवाय. ताईंना भाची नाही. त्यांना बहीणच नाही.

ताईंनी गडद निळा, पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला, मीडियम काढला. मला पलीकडूनच कळलं होतं की हा चढायचा नाही. मला त्यांची नजर नसली तरी इतक्या वर्षांत थोडीफार आलीच आहे. पण सांगणार कसं? लेबलवर अंगठा दाबून मोठा द्यावा, तर ती युक्ती त्यांचीच. स्टाफचं ओळखपत्र दाखवावं तशा ऐटीत त्या हँगर घेऊन आत गेल्या.

पाच मिनिटं शांतता. मग भिंतीवर काहीतरी आपटलं. मग दोनदा आपटलं. मग पडद्याआडून अगदी बारीक आवाज आला, "अगं."

आत जाऊन बघते तर ताईंचे दोन्ही हात वर, एक कोपर कानाशी अडकलेलं, आणि पाठीवरची फुली मानेभोवती. डोळे गच्च मिटलेले. मी ओढलं. त्या म्हणाल्या खाली ओढ, मी खाली ओढलं, त्या म्हणाल्या वर. शेवटी मी भिंतीला पाय लावला. तेवढ्यात बाहेरून मॅनेजरचा आवाज, काही मदत हवी आहे का?

"नको, नुसतं बघतोय," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

कसाबसा तो निघाला. ताई माझा मोठा टॉवेल गुंडाळून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. त्यांना दुकानात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आरशाकडे बघत होत्या.

"सगळ्यांची मापं सांगितली," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःचं शेवटचं बघितलं ते इथे कामाला लागले तेव्हा."

मी खिळ्यावरून टेप काढून आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला काम मिळत होतं. आकडे कोरे करकरीत, आणि खिळ्यावर लटकून मधोमध पडलेली घडी काही केल्या सरळ होईना. ताईंनी हात वर केले, श्वास आत ओढला. मी म्हटलं, सोडा. त्यांनी सोडला. आकडा मोठ्याने वाचू नकोस, एवढंच म्हणाल्या. मी तो मनातच वाचला आणि जाऊन बरोबर मापाचा घेऊन आले. तो चढला, आणि छानच दिसत होता.

"खरंच कोणी बघत नाही ना गं?" ताईंनी विचारलं.

मी काय सांगणार? मी टॉवेलवाली.

पोहण्याच्या तलावावर सकाळी सात ते आठ बायकांची वेळ असते. ताईंनी मला टॉवेल धरायला नेलं. मला वर काठावर बाकावर बसवलं आणि स्वतः गळ्यापासून नडगीपर्यंत टॉवेलात गुंडाळून शिडीपाशी उभ्या राहिल्या. पाण्यात दहाबारा बायका होत्या. चेहरा एकीचाही त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण कपडे सगळे होते. ती निळी पट्टी माझी, ताई पुटपुटल्या, ते फुलाफुलांचं गेल्या उन्हाळ्यातलं, त्या हिरव्याला मी मोठा घ्या म्हणत होते, ऐकलं नाही. पाय मात्र पुढे पडत नव्हता.

तेवढ्यात पाण्यातून एक डोकं शिडीपाशी आलं आणि डोळे बारीक करून वर बघायला लागलं. चष्मा नव्हता, पण ते डोकं मी कुठेही ओळखलं असतं. खाली काळा, पांढऱ्या किनारीचा.

"दुकानातल्या ताई ना तुम्ही?" अकरावाली म्हणाली. "या ना आत. पाण्यात कोणी कोणाकडे बघत नाही, तुम्हीच सांगितलं होतंत."

मला वाटलं ताई दुकानातलं हसू हसतील. त्या हसल्या नाहीत.

"खोटं सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "मी बघायचे. तुमची नक्कलसुद्धा करायचे, पडद्यातून डोकं काढायचात त्याची."

आमच्या ट्रायल रूमचा पडदा बरोबर माझ्या टॉवेलांसमोर उघडतो, हे मला तेव्हा त्या बाकावर बसल्याबसल्या आठवलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "फटीतून दिसायचं मला. तुम्ही दोघी हसायचात. म्हणून तर चार वेळा न घेता गेले."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद बघत बसले.

अकरावालीने तोंडावरचं पाणी पुसलं. "चष्म्याशिवाय मला इथे कोणी दिसत नाही," ती म्हणाली. "द्या तो टॉवेल त्यांच्याकडे आणि या."

ताईंनी न बघता टॉवेल माझ्याकडे फेकला आणि शिडी धरून उतरल्या. पाणी कमरेला लागताच त्या अशा ओरडल्या की सगळा तलाव त्यांच्याकडे वळला. दोन मिनिटांनी मी पाहिलं तर कोणीच बघत नव्हतं. अकरावाली त्यांच्या कोपराला धरून चालत होती आणि दोघी कसल्याशा किमतीवरून वाद घालत होत्या.

तीन महिने झाले. गुडघा नवा झाला नाही, पण तो ताईंना दिवसभर पेलतो, आणि गोदामातली खुर्ची अजून रिकामी आहे. टेप मात्र आता गळ्यातून उतरते. ताई माप घेतात, आकडा कानात सांगतात, आणि लेबलवर अंगठा ठेवत नाहीत. परवा एका बाईने माझे टॉवेल चिवडून झाल्यावर तिकडे जाऊन विचारलं, लोक बघतात का हो?

"बघतात," ताई म्हणाल्या. "पहिली दोन मिनिटं. मग जी ती आपल्या नादात."

बाईने थोडा विचार केला आणि दोन स्विमसूट घेऊन पडद्याआड गेली. ताई वाट ओलांडून माझ्याकडे आल्या. सवयीने मी त्या बाईचा आवाज काढायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ताईंनी गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर."

"मी? नाही हो ताई, मी नुसतं बघतेय."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं."

मी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि हात वर केले.